कवडसा, ताटभर पाणी आणि चिमूटभर मीठ : सूर्य हा तारा आहे हे घरच्या घरी कसं पडताळावं

आमच्या माजघराचं एक कौल मी गेली दोन वर्षं मुद्दाम बदललेलं नाही. कोपरा उडालाय त्याचा. पावसाळ्यात खाली टोप ठेवावा लागतो आणि त्यावरून घरात बोलणीही खावी लागतात. पण दसऱ्यानंतर आभाळ मोकळं झालं की त्या भोकातून सारवलेल्या जमिनीवर एक कवडसा उतरतो. सुट्टीत मुंबईहून गावी येणाऱ्या पोरांना सूर्य शिकवायला त्याच्याइतकं चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

"सूर्य हा एक तारा आहे" हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आणि मोकळे झालो. वाक्य खरंच आहे, पण पटावं कशावरून? दिवसा डोळे दिपवणारा हा गोळा आणि रात्री लुकलुकणारे ते ठिपके एकाच जातीचे, हे मान्य करायला माणसाला हजारो वर्षं लागली. खाली दिलेल्या पायऱ्यांनी तुम्ही हा रस्ता महिन्या-दोन महिन्यांत चालू शकता.

सामान थोडं आहे : पांढरा पुठ्ठा, मोजायची टेप, जर्मनचं जुनं ताट, थर्मामीटर, एक जुनी सीडी, दाढीची दोन ब्लेडं आणि मीठ. घरात दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर एक पायरी गाळा. हंगाम दसऱ्यापासून मेच्या मध्यापर्यंत. जून ते सप्टेंबर कोकणात सूर्याचा नाद सोडून द्यावा, तो स्वतःच आपला नाद सोडून गेलेला असतो.

आधी डोळ्यांचं बोलू

सूर्याकडे थेट बघायचं नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, तिथे वेदनेच्या नसाच नाहीत. पडदा भाजतो तेव्हा काही जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो आणि तो कधीकधी कायमचा राहतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक घातलेले दोन गॉगल, परातीतल्या शेणाच्या पाण्यातलं प्रतिबिंब हे ग्रहणाच्या दिवशी निघणारे सगळे गावठी उपाय बाद समजा. त्यांनी उजेड कमी दिसतो, पण डोळ्यांना न दिसणारे किरण आत शिरतातच. बघायचंच असेल तर आयएसओ १२३१२-२ असा शिक्का असलेला ग्रहणाचा चष्मा किंवा वेल्डिंगची १४ नंबरची काच, एवढंच. दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नाही, समुद्रात बुडताना लालबुंद झालेला असला तरीही नाही.

पुढचे सगळे प्रयोग सूर्याकडे पाठ करून होतात.

पहिली पायरी : कवडसा मोजा

कवडसा गोल का असतो, हे आधी स्वतःला विचारा. माझ्या कौलाचं भोक वेडंवाकडं, तिकोनी आहे. खळ्यातल्या मांडवावर झाप घालतात, त्यातल्या फटी तर कशाही असतात. तरी खाली जमिनीवर पडणारे ठिपके गोल किंवा लंबगोल. कारण तो ठिपका भोकाचा नसतो, सूर्याचं चित्र असतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ग्रहण लागलं तेव्हा आमच्या फणसाखाली शेकडो चंद्रकोरी सांडल्या होत्या. पानांमधल्या फटी त्याच होत्या, चावा पडला होता तो सूर्याला.

आता मोजमाप. कौलाचं भोक मोठं असेल तर त्यावर आतून पुठ्ठ्याचा तुकडा बसवा आणि त्याला तीन मिलिमीटरचं भोक पाडा, खिळा चालतो. खाली कवडसा पडेल तिथे पांढरा पुठ्ठा धरा, पण जमिनीवर सपाट ठेवू नका. किरण तिरपे येतात, त्यामुळे जमिनीवर ठिपका लांबतो. पुठ्ठा वर-खाली कलवत राहा. ठिपका बरोबर गोल झाला की थांबा. एकाने ठिपक्याची रुंदी मोजायची, दुसऱ्याने भोकापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर.

आमच्याकडे अंतर भरलं ३ मीटर ५५ सेंटीमीटर आणि ठिपका ३६ मिलिमीटर. त्यातून भोकाचे ३ वजा करायचे, कारण भोकाच्या आकारामुळे चित्राची कड तेवढी पसरते. राहिले ३३. ३५५० भागिले ३३, उत्तर १०७ आणि थोडं वर. शेजारच्या काकी ओट्यावरून हे सगळं बघत होत्या. "अरे, सूर्याक कोण फूटपट्टीन मापता?" म्हणाल्या, आणि मग स्वतःच उठून टेपचं दुसरं टोक धरायला आल्या.

हा १०७ चा आकडा जपून ठेवा, पुढे परत लागणार आहे. तो सांगतो की सूर्य आपल्यापासून स्वतःच्या रुंदीच्या साधारण १०७ पट लांब आहे. अंतर मात्र कवडशातून निघत नाही, ते उसनं घ्यावं लागतं. १७६१ आणि १७६९ साली शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकला तेव्हा जगभरातून घेतलेल्या वेळांवरून ते पहिल्यांदा बऱ्यापैकी बांधलं गेलं. आज ते रडारने पक्कं माहीत आहे : सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. उजेडाला तिथून इथे यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. भागा १०७ ने. सूर्याची रुंदी येते १४ लाख किलोमीटरच्या आसपास. नेमका आकडा १३ लाख ९२ हजार. पृथ्वीसारखे १०९ गोळे एका ओळीत मावतील एवढी.

पोरांना हे आकडे सांगून काही होत नाही. मी दीड फुटी परात घेतो, ती सूर्य. मग डब्यातला मिरीचा एक दाणा, ती पृथ्वी. परात खळ्यात ठेवायची आणि मिरी घेऊन ४८ मीटर चालत जायचं. आमच्याकडे ते अंतर विहिरीच्या थोडं पुढे संपतं. परात तशीच राहू द्या, शेवटच्या पायरीला ती लागेल.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसेल : कवडसा थांबत नाही. दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. किनाऱ्यावर सूर्याची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. दोन्हीकडे सरकतो आहोत ते आपणच.

दुसरी पायरी : ताटभर पाण्याने सूर्याचा वॅट काढा

जर्मनच्या ताटाला आतून काळ्या रंगाचा हात द्या आणि चांगलं वाळू द्या. त्यात बरोबर एक सेंटीमीटर उंचीचं पाणी घाला. ताट किती मोठं आहे याला महत्त्व नाही, पाण्याची उंची नेमकी हवी. पाणी विहिरीचं, गार असलेलं बरं. ताट थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा, नाहीतर जांभ्याच्या चिऱ्याची उष्णता खालून मिसळेल.

वेळ ऐन दुपारची. आता रत्नागिरीत ऐन दुपार बाराला नसते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आणि रत्नागिरी ७३.३ वर; सूर्य आपल्याकडे अर्ध्या तासाहून जास्त उशिरा पोचतो. मे महिन्यात तो साडेबारा वाजून गेल्यावर दोन-तीन मिनिटांनी माथ्यावर येतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीकडे तो अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वेंगुर्ल्याला हे काही दिवस आधी होतं, अलिबागला काही दिवस नंतर. ऑगस्टमध्ये हाच योग परत येतो, पण तेव्हा आपण छत्रीखाली असतो.

ताट उन्हात पाच मिनिटं ठेवा आणि तापमान किती चढलं ते नोंदवा. हिशेब असा की स्वच्छ दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, आणि तेवढ्या उष्णतेने एक सेंटीमीटर पाणी मिनिटाला जेमतेम दीड अंश तापतं. म्हणजे पाच मिनिटांत सात अंश यायला हवेत. माझ्या ताटात पाच आले. वारा होता, वाफ गेली, ताटानेही थोडं खाल्लं. पण आकडा त्याच घरातला आहे, आणि तो तुमच्या हाताने आलेला आहे. आंब्याची साठं आणि आमसुलं दोन दिवसांत कशी वाळतात ते यातून कळतं : प्रत्येक चौरस मीटरवर एकेक इस्त्री लावून ठेवलेली असते.

हवेच्या वर, अवकाशात, हा आकडा १३६१ वॅट आहे. आता तो जपून ठेवलेला १०७ काढा. सूर्य त्याच्या रुंदीच्या १०७ पट लांब, म्हणजे त्रिज्येच्या सुमारे २१५ पट. उजेड पसरतो तसा अंतराच्या वर्गाने विरळ होतो, तर सूर्याच्या पृष्ठभागाजवळ तो २१५ गुणिले २१५, म्हणजे ४६ हजार पट दाट असला पाहिजे. एका चौरस मीटरमधून सहा कोटींहून जास्त वॅट! एवढी उष्णता फेकणारी वस्तू किती तापलेली असते याचा नियम एकोणिसाव्या शतकात स्टेफान आणि बोल्ट्झमान यांनी दिला. त्यात आकडा घाला, उत्तर येतं ५,५०० अंश सेल्सियस. लोखंड १,५३८ ला वितळतं. एका गळक्या कौलातून आणि एका ताटातून सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान निघतं, हे मला आजही थोडं जादूसारखं वाटतं.

पृष्ठभाग म्हणालो खरा, पण सूर्य सगळा वायूचा आहे, पाय ठेवायला तिथे काही नाही. ज्या थरातून उजेड मोकळा होऊन निघतो तो थर काही शे किलोमीटरच जाड आहे, म्हणून कवडशाची कड इतकी स्वच्छ येते.

मधेच : हे पेटलंय कशावर?

या प्रश्नाला घरगुती प्रयोग नाही, पण इथे थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सूर्य एकूण किती वॅटचा? ३८ वर पंचवीस शून्यं. एवढा मोठा कोळशाचा गोळा असता तर पाच हजार वर्षांत राख झाला असता. एकोणिसाव्या शतकात केल्विन आणि हेल्महोल्ट्झ यांनी दुसरा मार्ग सुचवला : सूर्य स्वतःच्या वजनाने आकसतो आहे आणि त्यातून तापतो आहे. हिशेब सुंदर होता. त्यातून दोन-तीन कोटी वर्षं मिळत होती. आता आपल्या मागे उभा असलेला सह्याद्री बघा. त्याचा काळा दगड ज्या लाव्हाचा, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे केल्विनच्या सूर्याला आपला घाटसुद्धा पुरा झाला नसता, आणि पृथ्वीचं वय तर सुमारे ४५४ कोटी वर्षं.

उत्तर विसाव्या शतकात आलं. १९२० साली एडिंग्टनने सुचवलं की हायड्रोजनचं हेलियम होताना जे थोडं वस्तुमान हरवतं त्याची ऊर्जा होत असावी; १९३९ साली हान्स बेथेने ती प्रक्रिया पायरीपायरीने मांडली. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश. तिथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यात ४० लाखांहून जास्त टन वस्तुमान ऊर्जा होऊन जातं. तरी साठा एवढा आहे की ४६० कोटी वर्षं जळूनही हा अजून मध्यम वयातच आहे. अजून ५०० कोटी वर्षं तरी गाभ्याला हायड्रोजन पुरेल.

आता एक गोष्ट सांगतो, ती बहुतेकांना पटत नाही. एक टन सूर्य किती उष्णता देतो? सरासरी ०.२ वॅट. त्यावर झिरोचा बल्बसुद्धा लागणार नाही. खुर्चीवर नुसतं बसलेलं माणसाचं शरीर शंभरेक वॅट टाकत असतं, म्हणजे किलोला किलो धरला तर तुम्ही सूर्यापेक्षा हजारो पटींनी जोरदार भट्टी आहात. परसातला शेणखताचा ढीग पावसाळ्यात वाफाळतो ना, सूर्याच्या गाभ्याची भट्टी घनमीटरमागे साधारण त्याच जोराची आहे. सूर्य प्रचंड आहे म्हणून प्रखर आहे. आत काम अगदी सावकाश चालतं. गाभ्यातल्या एखाद्या हायड्रोजनच्या केंद्रकाला जोडीदार भेटून ते चिकटायला सरासरी काही अब्ज वर्षं जातात. हा संथपणा नसता तर सगळं इंधन एका झटक्यात उडून गेलं असतं.

आणि त्याला राखणारं कोणी लागत नाही. गाभा जरा जास्त तापला की फुगतो, फुगला की निवतो, निवला की भट्टी मंदावते. मंदावली की वरचं वजन परत दाबतं. चुलीतलं लाकूड कोणी मागेपुढे करावं लागत नाही.

तिसरी पायरी : चिमूटभर मीठ

तारे कशाचे बनलेत, हे कधीच कळणार नाही असं १८३५ साली ओग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं. पंचवीसेक वर्षांत ते खोटं ठरलं. तुम्हाला एक दुपार आणि एक संध्याकाळ पुरेल.

चपलांचा रिकामा खोका घ्या. एका टोकाला उभी चीर पाडा आणि दोन ब्लेडं एकमेकांसमोर चिकटवून ती चीर केसाएवढी बारीक करा. दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा तिरपा बसवा, साधारण ६० अंशांत, आणि त्याच्या वरच्या बाजूला डोळा लावायला भोक ठेवा. खोका नीट बंद करा, उजेड आत शिरता कामा नये. सीडीवर सात रंगांचा पट्टा दिसेल. कोन जमायला वेळ लागतो, माझे पहिले दोन खोके चुलीत गेले.

संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा मालवून गॅस बारीक करा. ज्योत निळी असते. मोठ्या माणसाने तिच्यावर चिमूटभर मीठ भुरभुरायचं. ज्योत एकदम पिवळीजर्द होते. त्या क्षणी खोक्यातून बघा : सात रंगांचा पट्टा नाही, पिवळ्या जागी एकच ठळक रेष. ती मिठातल्या सोडियमची सही. शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ असो की दुकानातल्या पुडीतलं, रेष तिथेच येणार.

दुसऱ्या दिवशी खोका उन्हाने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखा. सूर्याकडे नाही, भिंतीकडे. पट्टा दिसेल, आणि चीर खरोखर बारीक जमली असेल तर पट्ट्यात दोन-चार अंधाऱ्या रेषा. त्यातली एक त्याच पिवळ्या जागेवर. गॅसवर जी उजळ होती तीच सूर्यात काळी. आतून येणारा उजेड सूर्याच्या बाहेरच्या, तुलनेने थंड वायूतून येताना तिथलं सोडियम आपला रंग गिळून टाकतं. फ्राउनहोफरने १८१४ साली अशा पाचशेहून जास्त रेषा मोजल्या होत्या. त्या कशाच्या, हे किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास ओळखलं. तुमच्या स्वयंपाकघरातलं सोडियम सूर्यात आहे. लोखंड आहे, कॅल्शियम आहे.

आणि इथे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून कोकणात शिरली आणि देश ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. गुंटूरला बसलेल्या यान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमध्ये उजळ रेषा पाहिल्या. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने ग्रहण नसतानाच त्या ज्वाळा तपासल्या. सोडियमच्या अगदी शेजारी एक पिवळी रेष होती, पण ती सोडियमची नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून त्या पदार्थाला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ साल उजाडलं, विल्यम रॅमसेच्या प्रयोगशाळेत, एका युरेनियमच्या खनिजातून.

विजयदुर्गावर "साहेबाचे कट्टे" दाखवतात आणि लॉकियरने तिथून हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्टला तिथे लोक जमून हेलियमचा दिवसही साजरा करतात. माझं मत विचाराल तर लॉकियर त्या वेळी इंग्लंडातच होता, आणि त्याची पिवळी रेष ऑक्टोबरातली आहे. पण म्हणून कट्ट्यांवर जायचं सोडू नका. सावली याच किनाऱ्यावरून गेली होती, तेवढं पुरेसं आहे. मीठ आणि खोका घेऊन जा.

एक गंमत राहिलीच. रेषा सगळ्या लोखंडा-सोडियमच्या ठळक, म्हणून सूर्य पृथ्वीसारख्याच मालाचा बनलाय असं शास्त्रज्ञ बरीच वर्षं धरून चालले. १९२० साली मेघनाद साहांनी दाखवलं की कुठल्या तापमानाला कुठली रेष ठळक दिसेल याचं गणित करता येतं. ते गणित वापरून १९२५ साली सिसिलिया पेन या तरुणीने प्रबंधात मांडलं की ताऱ्यांत हायड्रोजनच सगळ्यात जास्त आहे. वरिष्ठांनी तिला ते मागे घ्यायला लावलं. चार वर्षांत त्याच वरिष्ठांपैकी एकाने ते बरोबर असल्याचं छापलं. वजनाने बघितलं तर सूर्य सुमारे तीन-चतुर्थांश हायड्रोजन, उरलेला बहुतेक हेलियम, आणि बाकी सगळं मिळून दोनेक टक्के.

चौथी पायरी : डाग (दुर्बीण असेल तर)

दुर्बिणीचं एक नळकांडं झाकणाने बंद करा. ती तिपाईवर किंवा खिडकीच्या गजाला बांधून सूर्याकडे रोखा आणि मागे फूटभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरा. नेम सावलीवरून धरायचा : दुर्बिणीची सावली सगळ्यात लहान झाली की नेम लागला. पुठ्ठ्यावर सूर्याचं लख्ख वर्तुळ येईल, त्यात काळे ठिपके असले तर ते सौरडाग. पुठ्ठा हलवून बघा. ठिपका वर्तुळाबरोबर सरकला तर तो सूर्यावरचा, जागेवर राहिला तर पुठ्ठ्यावर माशी बसून गेली आहे.

एका वेळी मिनिटभरच. पहिल्या वर्षी मी उत्साहाने पंधरा मिनिटं रोखून ठेवली आणि डोळा लावायच्या बाजूच्या भिंगातला चिकटवलेला थर ताज्या सुरंगीच्या पाकळ्यांसारखा उलगडला. दुर्बीण भावाची होती. पोरांना एकटं सोडू नका हे वेगळं सांगायला नको.

डाग काळे दिसतात, पण काळे नसतात. भोवती ५,५०० अंश आणि डागात ३,५०० ते ४,००० च्या आसपास, एवढाच फरक. सूर्याच्या बाहेरच्या भागात वायू पेजेसारखा रटरटत असतो, खालची उष्णता वर येते, निवते, परत खाली जाते. जिथे चुंबकीय क्षेत्र फार तीव्र होतं तिथे ही रटरट अडते आणि तेवढा तुकडा थंड पडतो. मोठ्या डागात पृथ्वी सहज मावते.

दहा-बारा दिवस रोज त्याच वेळी वर्तुळ काढून ठेवा. डाग एका कडेने दुसऱ्या कडेकडे सरकताना दिसतील. सूर्य स्वतःभोवती फिरतो, विषुववृत्तावर सुमारे २५ दिवसांत आणि ध्रुवांकडे ३५ च्या आसपास. घन गोळा असा वेगवेगळ्या वेगाने फिरू शकत नाही. डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या फेऱ्याने वाढते-घटते. शेवटची भर २०२४ मध्ये येऊन गेली. कोडाईकनालच्या वेधशाळेत शंभर वर्षांहून जास्त काळ सूर्याच्या नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आपलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून त्याच्याकडे बघत बसलेलं आहे. ते ज्या प्रश्नांमागे गेलंय त्यातला एक मोठा विचित्र आहे : पृष्ठभाग ५,५०० अंश, आणि त्याच्याही बाहेरचा प्रभामंडळ दहा लाख अंशांहून गरम. चुलीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असं.

शेवटची पायरी : रात्री सड्यावर

मेच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास, रात्री अकरानंतर गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर जा, जिथून दक्षिणेचं क्षितिज उघडं दिसेल. झाडंमाडं आड येता कामा नयेत. जनावरांसाठी बॅटरी आणि पायात बूट.

आधी वर बघा. स्वाती नारिंगी दिसेल, चित्रा निळसर पांढरी, आणि आग्नेयेला ज्येष्ठा लालसर. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. इथेही तोच क्रम. ज्येष्ठेचा पृष्ठभाग साडेतीन हजार अंशांच्या आत, स्वातीचा चार हजारांच्या आसपास, चित्रेचा वीस हजारांच्या वर. सूर्य ५,५०० चा, या रांगेत मधे कुठेतरी. हवेबाहेरून बघितलं तर तो पांढरा दिसतो. पिवळा-तांबडा रंग आपल्या हवेचा, आणि मावळताना त्याचा उजेड सगळ्यात जाड हवेतून येतो म्हणून तो कुंकवासारखा दिसतो.

आता दक्षिणेकडे तोंड करा. हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा. मुठीच्या थोडं वर दोन तेजस्वी तारे शेजारी शेजारी दिसतील आणि त्यांच्या उजवीकडे त्रिशंकूचा छोटा क्रूस. त्या दोघांतला डावीकडचा, जास्त तेजस्वी, तो मित्र. उजवीकडचा मित्रक. उत्तर भारतातल्या बऱ्याच भागांतून मित्र दिसतच नाही, आपल्याला कोकणातून तो क्षितिजापासून १२ अंश वर मिळतो.

नुसत्या डोळ्यांना मित्र एक वाटतो, पण मोठ्या दुर्बिणीत तो दोन ताऱ्यांची जोडी आहे. त्यातल्या मोठ्याचा उजेड खोक्यातून बघावा तसा शास्त्रज्ञांनी फोडून बघितला, तेव्हा रेषा जवळपास आपल्या सूर्यासारख्याच निघाल्या. रेषांवरून ताऱ्यांचे वर्ग पाडतात, तो वर्गही तोच. वस्तुमान सूर्याच्या १.१ पट, रुंदी १.२ पटीच्या आसपास, पृष्ठभागाचं तापमान जवळजवळ तेवढंच. म्हणजे तुम्ही ज्याचा कवडसा फुटपट्टीने मोजला आणि ज्याच्या उन्हात ताट ठेवलं, तो लांबून कसा दिसतो ते समोर आहे.

किती लांबून? ४.३७ प्रकाशवर्षं. खळ्यातली परात आठवा आणि ४८ मीटरवरची मिरी. त्याच मापाने मित्राची परात ठेवायची झाली तर ती गावात नाही, मुंबईतही नाही, १३ हजार किलोमीटरवर, सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळपास.

मागच्या मेमध्ये पोरांना हे सांगत होतो तेव्हा काकीही सड्यावर आल्या होत्या, टेप धरल्यापासून त्या आमच्यातल्याच. त्यांनी थोडा वेळ त्या ठिपक्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मित्र म्हंजे तोच ना, सूर्यनमस्कारातलो पयलो?" मित्राय नमः. बारा नावांतलं पहिलं नाव. माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं.